शेजारी जागणाऱ्याची साक्ष

1878 च्या जुलै महिन्यात एडिंबरोच्या हाय कोर्टात सायमन फ्रेझर नावाच्या तरुणावर खुनाचा खटला चालला. ग्लासगोतल्या लाकूड कापण्याच्या गिरणीत तो कामाला होता. एप्रिलमधल्या एका रात्री, एकच्या सुमारास, एक पांढरं जनावर जमिनीतून वर येतंय आणि बिछान्यात बाळ झोपलंय तिकडे झेपावतंय, असं त्याला दिसलं. त्यानं जनावराला धरून आपटलं. बायकोच्या ओरडण्यानं तो भानावर आला तेव्हा कळलं की ते जनावर नव्हतं, त्याचा दीड वर्षाचा मुलगा होता. ज्यूरीनं निर्णय दिला, की कृत्य त्याच्याच हातून घडलं, पण झोपेच्या त्या अवस्थेत त्याला त्याचं भान नव्हतं. म्हणून तो जबाबदार ठरत नाही. कोर्टानं त्याला सोडलं. सोडताना एवढंच कबूल करून घेतलं, की यापुढे तो रात्री एकटा झोपेल.

ग्लासगोच्या गार्टनेव्हल मनोरुग्णालयाचे डॉक्टर डेव्हिड यलोलीज यांनी त्याच वर्षी या प्रकरणाचा वृत्तान्त एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिला. त्यात फ्रेझरच्या आधीच्या रात्रीही आहेत. एकदा घराला आग लागली असं वाटून त्यानं बायकोला पाय धरून बिछान्याबाहेर ओढलं होतं, तिला वाचवण्यासाठी. म्हणजे एप्रिलच्या त्या रात्रीपर्यंत ती बाई असल्या किती रात्री उशाशी घेऊन झोपत आली असेल! खटला त्याचा झाला, इतिहासात नाव त्याचं राहिलं. तिच्याबद्दल शोधायला गेलं तर फारसं काही हाती लागत नाही.

मला या मागोव्यात तिच्याच जागेचा शोध घ्यायचा आहे. आमच्याही घरी हा आजार आहे आणि त्या जागेवर मी झोपते.

ज्याला डॉक्टर नाईट टेरर म्हणतात, त्यात माणूस झोप लागल्यावर तास-दीड तासात, गाढ झोपेतून, एकदम किंकाळी फोडून उठून बसतो. डोळे सताड उघडे, अंग घामानं भिजलेलं, छाती धडधडत असते. कधी तो दाराकडे धावतो, कधी भिंतीला थडकतो. समोर कोण आहे हे त्याला ओळखू येत नाही. नाव घेऊन हाक मारली तरी ती पोचत नाही. काही मिनिटांत सगळं ओसरतं, तो आडवा होतो आणि लगेच घोरायला लागतो. सकाळी विचारलं तर त्याला बहुतेक वेळा काहीच आठवत नाही. वाईट स्वप्नाचं तसं नसतं. ते पहाटेकडे पडतं, माणूस त्यातून नीट जागा होतो आणि काय दिसलं ते सांगतो. लहान मुलांमध्ये नाईट टेरर पुष्कळ दिसतो आणि वाढत्या वयात बहुधा जातो. मोठ्यांमध्ये तो कमी असला तरी दुर्मीळ म्हणावा इतका नाही. ब्रिटनमध्ये सुमारे 5,000 लोकांची पाहणी करून 1999 मध्ये जे आकडे प्रसिद्ध झाले, त्यांत 15 वर्षांवरच्या 2.2 टक्के लोकांना तो असल्याचं दिसलं.

ज्याला आजार आहे तो त्या वेळी हजर नसतो, असा हा विलक्षण आजार आहे. त्याची हकिगत सांगायची तर ती दुसऱ्या माणसानंच. त्यामुळे त्याच्या इतिहासात जे काही नोंदलं गेलं, ते शेजारी जागं झालेल्या कुणाच्या तरी तोंडून आलेलं आहे. आणि ज्या काळात त्या माणसाला कुणी विचारलं नाही, त्या काळात आजाराची नोंदही नाही.

आपल्या जुन्या ग्रंथांमध्ये याचा पडताळा मिळतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 164 वं सूक्त दुःस्वप्नाच्या निवारणाचं आहे. अथर्ववेदातही दुःस्वप्नावरची सूक्तं आहेत. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत : पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि दोषांमुळे पडणारं. वर्गीकरण सुरेखच आहे, पण त्याची सगळी भिस्त स्वप्न पाहणाऱ्याच्या आठवणीवर आहे. ज्याला काहीच आठवत नाही, त्याची किंकाळी या सातांपैकी कशात बसवायची? तान्ह्या मुलांच्या बाबतीत मात्र चित्र बदलतं. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रहांचं वर्णन आहे. दचकणारं, एकाएकी किंचाळणारं, घाबरंघुबरं होणारं मूल शास्त्रात आलं, कारण ते सांगायला आई किंवा दाई होती आणि वैद्याला तिचं ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मोठा माणूस स्वतःच्या तोंडानं बोलू शकतो, असं गृहीत धरलं गेलं आणि त्याच्या शेजारचा माणूस वैद्यासमोर आलाच नाही.

तो आला देवघरासमोर. मराठी घरांमध्ये झोपेत ओरडून उठणाऱ्यासाठी काय काय केलं जातं, ते आपल्या ओळखीचं आहे. मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायची. उशाखाली लोखंडाचं काहीतरी, सुरी किंवा अडकित्ता ठेवायचा. कपाळाला अंगारा लावायचा. दिवेलागणीला रामरक्षा आणि भीमरूपी म्हणायची. रामरक्षेची तर स्वतःचीच कथा झोपेतली आहे. शंकरानं ती बुधकौशिक ऋषींना स्वप्नात सांगितली आणि त्यांनी ती सकाळी लिहून काढली, असं त्या स्तोत्रातच म्हटलेलं आहे. यातलं काय खरं आणि काय नाही, हा वाद मला इथे घालायचा नाही. मला दिसतं ते हे, की अपरात्री दचकून जागं झालेल्या, हातपाय गळालेल्या माणसाला या सगळ्यानं काहीतरी करायला दिलं. अंधारात हलक्या, संथ आवाजात पाठ असलेलं काही म्हणत राहायचं, ओरडणाऱ्याशी झटापट करायची नाही. आज झोपतज्ज्ञ जो सल्ला देतात, त्याच्या ते फार जवळ आहे. उशाखालची सुरी मात्र काढून ठेवायला हवी, हे त्याच तज्ज्ञांचं म्हणणं तितकंच खरं.

याच परंपरेची दुसरी बाजू क्रूर आहे. किंचाळणारी व्यक्ती मोठी असली, त्यातून ती घरातली सून असली, की ‘बाहेरची बाधा’ हा शब्द फार लवकर उच्चारला जातो. कुणी गाणगापूरला नेतं, कुणी नरसोबाच्या वाडीला. तिथवर गेलेल्याला निदान दत्तापुढे बसल्याचा धीर तरी मिळतो. भगताच्या अंगणात नेलेल्याचे हाल वेगळे. 20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि वर्षअखेरीस त्याचा कायदा झाला. त्या कायद्याच्या अनुसूचीत पहिल्याच नोंदीत भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीनं किंवा साखळीनं बांधणं, काठीनं-चाबकानं मारणं, मिरच्यांची धुरी देणं हे प्रकार नावानिशी लिहिलेले आहेत. कायद्यात नावं घालावी लागली, कारण हे घडत होतं.

घराच्या रचनेचाही इथे संबंध आहे. जुन्या मराठी घरात पुरुष ओटीवर किंवा पडवीत झोपत, बायका-मुलं माजघरात. नवरा-बायकोला रोजच्या रोज वेगळी खोली असणं ही चैन होती. कुणी रात्री ओरडलं तर सगळं घर उठे. एकजण पाणी आणी, एकजण दिवा मोठा करी. चाळीत तर शेजारचं बिऱ्हाडही दार ठोठावायचं. लाज वाटायची, पण भीती वाटून घ्यायला चारजण असायचे. दोन खोल्यांच्या बंद फ्लॅटमध्ये ती सगळी रात्र एका माणसावर आली. शेजारी एवढंच विचारतात, की काल रात्री तुमच्याकडे काही झालं का. आणि त्यांच्या मनात भांडणाचा किंवा मारहाणीचा संशय आहे, हे त्यांच्या नजरेत दिसतं.

शेजारी जागणाऱ्या जोडीदाराचं माझ्या वाचनातलं सगळ्यात नेमकं चित्र कुठल्या वैद्यकग्रंथात नाही, शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ या नाटकाच्या पहिल्या भागात आहे. ते नाटक 1590 च्या दशकातलं. हॉटस्पर या योद्ध्याची बायको त्याला सांगते, की तू झोपेत लढाया लढतोस, घोड्याला हुकूम सोडतोस, तोफा आणि खंदकांबद्दल पुटपुटतोस, तुझ्या कपाळावर घामाचे थेंब जमतात. मी जवळ बसून हे पाहिलंय; तुला काय होतंय ते मला कळायलाच हवं, असं तिचं म्हणणं. तो उत्तर देत नाही. नोकराला हाक मारून घोड्याची चौकशी करतो. ज्या घरात हा आजार आहे तिथल्या कुणालाही हा सकाळचा प्रसंग नवा वाटणार नाही. एकाजवळ रात्रभर साठलेलं असतं, दुसऱ्याजवळ त्यातलं काहीच नसतं आणि त्याला ऑफिसला जायचं असतं.

युरोपातल्या वैद्यांनी मात्र पुढची दोन-अडीचशे वर्षं वेगवेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून ठेवल्या. छातीवर कुणीतरी बसलंय आणि हलता येत नाही ही अवस्था, भयंकर स्वप्न आणि झोपेतली किंकाळी, या तिन्हींचं कारण एकच धरलं जाई. जॉन बाँड या डॉक्टरनं 1753 मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं, पण तो स्वतः रोगी असल्यानं त्यात छातीवरचं ओझं सविस्तर आहे, शेजाऱ्याला ऐकू येणारी किंकाळी नाही. हेन्री फ्यूझेलीचं प्रसिद्ध चित्र 1782 मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत लागलं : अस्ताव्यस्त झोपलेली स्त्री, तिच्या छातीवर बसलेला सैतान, पडद्याआडून डोकावणारा घोडा. खोलीत दुसरं माणूस नाही. फ्रेझरच्या खटल्यापर्यंत आणि त्यानंतरही बरीच वर्षं जोडीदार दिसतो तो असा, एक तर चौकटीबाहेर, नाहीतर बळी म्हणून.

चित्र पालटलं ते विजेच्या तारांनी. शिकागोत यूजीन ॲसेरिन्स्की आणि नेथॅनियल क्लाइटमन यांनी 1953 मध्ये दाखवून दिलं, की झोपेत ठरावीक अंतरानं डोळे वेगानं हलतात आणि स्वप्नं मुख्यतः त्या काळातली असतात. मग ओघानंच प्रश्न आला, की किंकाळी कधीची? 1960 च्या दशकात फ्रान्समधल्या मार्सेय इथे आंरी गास्तो आणि रॉजर ब्रॉटन यांनी रुग्णांच्या डोक्याला तारा लावून रात्री जागून काढल्या. ब्रॉटननं 1968 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं, की झोपेत चालणं आणि नाईट टेरर हे स्वप्नांचे आजार नाहीत, ते अर्धवट जाग येण्याचे आजार आहेत. गाढातल्या गाढ झोपेतून मेंदू वर येऊ पाहतो आणि मध्येच अडकतो. न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स फिशर यांनी पुढे मोजून दाखवलं, की किंकाळीबरोबर काही सेकंदांत हृदयाचे ठोके दुपटीच्या पलीकडे जातात. त्यांनी 1973 मध्ये डायझेपाम देऊन ही गाढ झोप आणि तिच्याबरोबर किंकाळ्याही कमी होतात हे नोंदवलं.

या शोधानं शेजारी झोपणाऱ्यांवर मोठा उपकार झाला, असं मी मानते. त्याआधीची पन्नास-साठ वर्षं मनोविश्लेषणाच्या प्रभावाची होती आणि रात्रीच्या किंकाळीमागे दडपलेली इच्छा किंवा संसारातला सल शोधला जाई. आपल्या जोडीदाराला आपलीच भीती वाटते की काय, हा विचार मनात आला नाही असं शेजारी झोपणारं माणूस विरळाच असेल. ताणतणावानं आणि आघातानं हे झटके वाढतात, हे खरंच आहे. पण मुळाशी झोपेच्या एका टप्प्यातून दुसऱ्यात जाण्याची चूक आहे, ती अनेकदा घराण्यातही असते आणि जोडीदाराच्या वागण्यातून जन्मलेली नसते.

स्वित्झर्लंडमध्ये क्लाउडिओ बासेत्ती आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये झोपेत चालणाऱ्या एका रुग्णाच्या मेंदूतला रक्तपुरवठा नेमका त्या झटक्याच्या वेळी टिपला. मेंदूचा काही भाग जागा होता. निर्णय घेणारा, ओळख पटवणारा पुढचा भाग झोपलेलाच होता. उघड्या डोळ्यांनी बघूनही आपलं माणूस आपल्याला का ओळखत नाही, याचं इतकं सरळ उत्तर आधी कुणी दिलं नव्हतं.

साक्षीदाराला मानाचं स्थान दिलं ते मिनियापोलिसच्या डॉक्टरांनी. तिथे कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांच्याकडे 1980 च्या दशकात अशी जोडपी येऊ लागली, ज्यांच्या अंगावर रात्रीच्या जखमा होत्या. नवरे स्वतःला पट्ट्यानं किंवा दोरीनं खाटेला बांधून घेत, मध्ये उशांची भिंत रचत, रिकाम्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपत. 1989 मध्ये त्यांनी झोपेत इजा होणाऱ्या 100 प्रौढ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या 54 जणांना नाईट टेरर किंवा झोपेत चालण्याचा आजार होता. 36 जणांचा आजार निराळाच निघाला. त्यांचं शरीर स्वप्न पाहताना जसं शिथिल व्हायला हवं तसं होत नव्हतं, म्हणून ते स्वप्नातली मारामारी प्रत्यक्षात करत. तो आजार बहुधा पन्नाशीनंतर सुरू होतो, पहाटेकडे येतो आणि जागं केल्यावर माणूस स्वप्न सांगतो. दोन्हींचे उपचार आणि पुढची वाटचाल वेगळी आहे. किती वाजता, डोळे उघडे होते की मिटलेले, हाक मारल्यावर काय झालं, या प्रश्नांची शेजाऱ्याकडची उत्तरं निदानाची दिशा ठरवतात.

लंडनचे बालमानसतज्ज्ञ ब्रायन लास्क यांनी 1988 मध्ये एक साधा उपाय प्रसिद्ध केला. 19 मुलांच्या आईवडिलांना त्यांनी काही रात्री झटक्याची वेळ लिहून ठेवायला सांगितली आणि मग त्या वेळेच्या दहा-पंधरा मिनिटं आधी मुलाला हलकेच उठवून पाच मिनिटांनी परत झोपवायला सांगितलं. झटके थांबले. मोठ्या माणसांवर हा उपाय तितका तपासलेला नाही, पण ज्यांचे झटके रोज साधारण एकाच वेळी येतात त्यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारून करून बघण्यासारखा आहे. मला त्यातली आवडणारी गोष्ट ही, की इथे घरातल्या माणसाचं जागणं औषधाच्या कामी आलं.

मात्र जागणाऱ्याची पहिली ऊर्मी बहुतेक वेळा चुकीची असते. जवळ घ्यावंसं वाटतं, दंड धरून हलवावंसं वाटतं, ‘अरे मी आहे ना’ असं म्हणत मिठी मारावीशी वाटते. मार्क प्रेसमन यांनी 2007 मध्ये झोपेतल्या हिंसेची 32 प्रकरणं तपासली. नाईट टेररच्या रुग्णांपैकी 81 टक्क्यांच्या बाबतीत वार होण्याआधी कुणीतरी स्पर्श केलेला होता, जवळ गेलेलं होतं किंवा आवाज झालेला होता. वार करणारा शत्रू शोधत जात नाही. वाटेत आडवा आलेला माणूस त्याला शत्रू वाटतो. म्हणून धरायचं नाही, वाट अडवायची नाही. खिडकीकडे किंवा जिन्याकडे निघालाच तर बाजूनं, हळू बोलत खोलीकडे वळवायचं. प्रश्न विचारायचे नाहीत, खडसवायचं नाही. खरी तयारी दिवसा करायची : गॅलरीच्या दाराला वर कडी, पलंगाशेजारचं काचेचं टेबल दुसरीकडे, जमिनीवर पायात येणारं काही नाही, शक्य असेल तर पलंगच सखल. अपुरी झोप, रात्रपाळी, ताप, दारू आणि झोपेची काही औषधं यांनी झटके वाढतात. घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर त्याची तपासणी आधी करावी. स्टॅनफर्डचे क्रिस्तियाँ गीयमिनो यांनी 2003 मध्ये मुलांच्या बाबतीत दाखवलं, की श्वासाचा अडथळा दूर केल्यावर किंकाळ्याही थांबतात.

वेगळ्या खोलीचं काय, हा प्रश्न जोडप्यांना लाजवतो. 2008 मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर सुट्टीला गेलेल्या एका जोडप्यातल्या नवऱ्यानं झोपेत, गाडीत घुसखोर शिरलेत असं वाटून, बायकोचा गळा आवळला. चाळीसेक वर्षांचा सुखाचा संसार होता. घरी ती दोघं वेगवेगळ्या खोल्यांत झोपत. त्या रात्री गाडीत एकत्र होती. 2009 मध्ये स्वॉन्झीच्या कोर्टात सरकारी पक्षानं खटला मागे घेतला आणि तो निर्दोष सुटला. असा प्रसंग अत्यंत विरळा आहे आणि तो सांगून कुणाला घाबरवायचं माझ्या मनात नाही. पण वेगळं झोपणं म्हणजे संसार मोडण्याची पहिली पायरी, असं आपल्याकडे मानतात, ते मला मान्य नाही. ज्या घरात आठवड्यातून तीनदा किंकाळी फुटते, तिथे मधलं दार उघडं ठेवून दोन खोल्यांत झोपणारी नवरा-बायको एकमेकांवरचं प्रेमच राखत असतात.

आणि सकाळचं बोलणं. रात्रीचं सगळं रंगवून सांगितलं तर त्याला अपराधी वाटतं, झोपेचीच भीती बसते आणि झोप मोडली की झटके वाढतात. काहीच न सांगितलं तर आपल्या मनात राग साचतो. आमच्याकडे वही आहे. तारीख, वेळ आणि एक ओळ, एवढंच मी तिच्यात लिहिते. त्याला वाटेल तेव्हा तो ती वाचतो. पॅरिसमध्ये डेल्फिन ऊदियेत आणि इझाबेल आर्नुल्फ यांच्या 2009 च्या अभ्यासात, नीट विचारल्यावर बऱ्याच प्रौढ रुग्णांना झटक्यातल्या दृश्याचा एखादा तुकडा तरी आठवत असल्याचं दिसलं. वहीतल्या माझ्या ओळीखाली कधीतरी त्याच्या अक्षरात ‘छत खाली येत होतं’ असं लिहिलेलं सापडतं, तेव्हा त्या रात्रीच्या साक्षी दोघांच्या होतात.

2012 मध्ये रोनाल्ड पोस्टुमा आणि अनेक देशांतल्या संशोधकांनी, स्वप्नातली मारामारी प्रत्यक्षात करण्याचा तो दुसरा आजार ओळखण्यासाठी, एकाच प्रश्नाची चाचणी तयार केली. त्या आजाराचे कित्येक रुग्ण पुढे पार्किन्सन्सकडे जातात, म्हणून तो लवकर ओळखण्याला फार महत्त्व आहे. झोपेत तुम्ही स्वप्नाप्रमाणे हालचाली करता असं तुम्हाला कुणी सांगितलं आहे का, किंवा तुम्हाला स्वतःला तसा संशय आला आहे का, अशा अर्थाचा तो प्रश्न आहे. ‘कुणी सांगितलं आहे का’ हे आधी येतं. एकट्या राहणाऱ्याकडे या प्रश्नाचं उत्तर नसण्याचा संभव असतो, आणि मग खोलीत कॅमेरा लावणं हाच मार्ग उरतो. ज्याच्या शेजारी कुणी आहे, त्यानं डॉक्टरांकडे जाताना त्या माणसाला बरोबर न्यावं. बरोबर गेलेल्यानंही वहीबरोबर स्वतःच्या झोपेचं काय झालंय ते तिथेच सांगावं, कारण ते आपणहून विचारलं जाईलच असं नाही.